खोडलेला आकडा



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनीच आम्हाला डायनामोमीटरवर इंजिन तपासायला शिकवलं. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात चार सिलिंडरचं एक जुनं इंजिन पाण्याच्या ब्रेकला जोडलेलं असे. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडायचा, ब्रेकचा भार वाढवत न्यायचा, फेऱ्या मिनिटाला २००० वर आणायच्या, काटा स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि मग आकडा लिहायचा. पुढे २५००. पुन्हा थांबायचं. असे आठ-दहा आकडे आलेखाच्या कागदावर मांडून ते हाताने जोडले, की टॉर्कची कमान उभी राही. एकदा आमच्यातल्या एकाने घाईघाईत काटा हलत असतानाच आकडा लिहिला. सरांनी तो खोडायला लावला. काटा हलतोय तोवर इंजिनाने उत्तर दिलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं.

मापन म्हणून ते अगदी बरोबर होतं. पुढे मीही नोकरीत तसंच मोजत आलो. पण जसजशा गाड्या चालवून पाहिल्या तसं एक लक्षात येत गेलं: चालकाचा सगळा व्यवहार काटा हलत असतानाच्या वेळातच होतो. पाय दाबल्यापासून चाकाला जोर मिळेपर्यंतचा जो काळ आम्ही कागदावरून खोडत होतो, त्यातच गाडीचा स्वभाव ठरतो. वेगवान गाड्यांच्या बाबतीत तर कधी कधी चालकाचं नशीबही. आज मी त्या खोडलेल्या आकड्याविषयी बोलणार आहे.

टॉर्क म्हणजे काय ते आधी सांगतो. पाठ्यपुस्तकात त्याला बल आघूर्ण म्हणतात. गॅरेजमध्ये सगळे टॉर्कच म्हणतात, आपणही तेच म्हणू. जात्याचा खुंटा मधोमध न बसवता कडेला का बसवतात? हाताचा जोर तोच असला तरी तो मध्यापासून जितका लांब लागेल तितका पाळीला जास्त पीळ मिळतो. गंजलेला नट सुटेना म्हणजे फिटर पान्याला पाइप जोडतो, तेही त्याचसाठी. इंजिनात पिस्टन क्रँकशाफ्टला असाच पीळ देतो. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. हा पीळ किती वेगाने फिरतो आहे ते त्यात धरलं, की शक्ती मिळते: टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा, ९५४९ ने भागा, उत्तर किलोवॅटमध्ये येतं. म्हणून कमी टॉर्कचं इंजिनही भरपूर फिरलं तर मोठी शक्ती देतं, आणि गिअरमधून ती शक्ती पुन्हा चाकाच्या पिळात बदलून घेता येते.

माहितीपत्रकात यातले दोनच आकडे छापतात: कमाल शक्ती आणि कमाल टॉर्क. फार तर कमान छापतात. पण ती कमान पूर्ण दाबलेल्या अ‍ॅक्सिलरेटरची आणि स्थिरावलेल्या काट्याची असते. अर्ध्या दाबलेल्या पायाला इंजिन काय देतं आणि किती वेळाने देतं, या दोन गोष्टी तिच्यात नाहीत. रस्त्यावर चालकाला तर याच दोन गोष्टी भेटतात.

छोटी टर्बो डिझेल गाडी घेऊन कोणी महाडहून भोरकडे वरंध घाट चढला असेल, तर त्याला हे शरीरानेच ठाऊक असेल. आवळ वळण येतं, वेग पार उतरतो, दुसऱ्या गिअरमध्येही फेऱ्या दीड हजाराखाली जातात. आपण पाय दाबतो आणि गाडी मान टाकते. आणखी दाबतो. मग एकाएकी तिच्यात कोणी संचारल्यासारखी ती उसळते आणि वळण संपायच्या आत पाय अर्धा उचलावा लागतो. लोक म्हणतात, ‘गाडीला टर्बो लॅग आहे.’ टर्बोला वेळ लागतो हे खरं, पण उसळी का येते तेही पाहायला हवं.

सिलिंडरमधून बाहेर पडणारा गरम धूर टर्बाइन फिरवतो. त्याच दांड्यावर पलीकडे बसवलेला कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. जास्त हवा, म्हणून जास्त इंधन. जास्त इंधन, म्हणून जास्त धूर. जास्त धुराने टर्बाइन आणखी जोरात. चक्रवाढ व्याजासारखा हा हिशेब आहे: सुरुवातीला वाढ जाणवतही नाही, आणि नंतर ती आवरत नाही. कुठेतरी तिला लगाम घालावा लागतो. ते काम वेस्टगेट नावाची झडप करते. ठरावीक दाबानंतरचा जादा धूर ती टर्बाइनला वगळून सोडून देते. आल्फ्रेड ब्यूशी या स्विस इंजिनिअरने धुराच्या जोरावर हवा भरण्याच्या कल्पनेचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं. जहाजांना आणि वीजनिर्मितीच्या इंजिनांना ते मानवलं, कारण तिथे इंजिन तासन्‌तास एकाच फेऱ्यांवर चालतं. काटा स्थिर असतो. अडचण सुरू झाली ती वळणावळणाच्या रस्त्यावर पाय सारखा खालीवर होऊ लागल्यावर.

ही अडचण सर्वांत उघडी पडली अमेरिका-कॅनडातल्या कॅन-अ‍ॅम शर्यतींत. पोर्शेने १९७२ मध्ये ९१७/१० ही गाडी तिथे उतरवली. बारा सिलिंडरचं पाच लिटरचं इंजिन आणि दोन टर्बो. ती घडवण्याच्या कामात चालक मार्क डोनोह्यू होता. तो शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर होता, आणि मला त्याचं मोठेपण इथे दिसतं. शक्ती अफाट होती. पण गाडी दिव्याच्या बटणासारखी वागत होती, एक तर काही नाही, नाही तर सगळं एकदम. आणखी शक्तीची मागणी त्याने केली नाही. अर्धा पाय दाबल्यावर आणि कमी फेऱ्यांवर इंजिन काय करतं, याकडे त्याने इंजिनिअरांना पाहायला लावलं. हान्स मेत्सगर आणि व्हॅलेंटिन शेफर यांच्यासारखी माणसं त्या इंजिनावर राबत होती. इंधन पुरवणाऱ्या पंपाचं माप चालकाच्या पायाशी जुळेल असं बसवण्यात बरीच मेहनत गेली. चाचणीतल्या अपघातात डोनोह्यू जखमी झाला आणि त्या वर्षीचं विजेतेपद जॉर्ज फॉल्मरने मिळवलं. पुढच्या वर्षी, १९७३ मध्ये, सुमारे अकराशे अश्वशक्तीच्या ९१७/३० मधून डोनोह्यूने ते स्वतः जिंकलं. एवढ्या शक्तीची गाडी माणसाला वळणातून नेता आली, त्यात पंपाच्या त्या मापाचा वाटा फार मोठा आहे असं मी मानतो.

तोच अनुभव गाठीशी घेऊन पोर्शेने १९७४ च्या पॅरिस प्रदर्शनात ९११ टर्बो मांडली. कारखान्याच्या भाषेत ९३०. आकडे साधेच वाटतात: तीन लिटर, २६० अश्वशक्ती, ४००० फेऱ्यांना ३४३ न्यूटन-मीटर. आजची चांगली कुटुंबाची गाडीही याच्या आसपास असते. तरी या गाडीला ‘विधवा करणारी’ असं नाव पडलं, ते का, हे आकड्यांतून कळणार नाही. ते समजायला वळणात जावं लागेल, आणि आधी टायरपाशी थांबावं लागेल.

टायरकडे पकडीचं एकच गाठोडं असतं. वळताना आडव्या जोरासाठी आणि वेग घेताना उभ्या जोरासाठी त्याला त्यातूनच खर्च करावा लागतो. हे दोन जोर काटकोनात असल्याने हिशेब बेरजेचा नसून वर्गांचा आहे, शाळेतल्या काटकोन त्रिकोणासारखा. वळणात ८० टक्के पकड खर्च झाली, तर पुढे ढकलण्यासाठी २० टक्के उरत नाही, ६० टक्के उरते. ९० टक्के खर्च झाली तर ४४. ९५ झाली तर ३१. माझ्या मते जलद गाडी चालवण्याचं सारं शास्त्र या आकड्यांत आहे. वळणाच्या पोटातून बाहेर पडताना चालक स्टिअरिंग थोडं थोडं सरळ करतो. आडवा खर्च ९५ वरून ८० वर आला, की उभ्या जोराची मुभा ३१ वरून ६० वर जाते, जवळजवळ दुप्पट होते. म्हणून कसलेल्या चालकाचा उजवा पाय त्याच्या हातांना जणू दोरीने बांधलेला असतो: हात जितके उलगडतात तितकाच पाय दबतो. त्याला इंजिनाकडून एकच गोष्ट हवी असते, की पाय जेवढा दाबला तेवढा टॉर्क त्याच क्षणी यावा.

९३० मध्ये नेमकं हेच मिळत नव्हतं. दाबलेल्या हवेत इंजिन ठोकू नये म्हणून सिलिंडरमधला कॉम्प्रेशन रेशो ६.५ ला १ इतका कमी ठेवला होता, त्यामुळे टर्बो जागा होईपर्यंत इंजिन मुळातच दुबळं. टर्बो एकच आणि मोठा. गिअर चारच, लांब लांब, त्यामुळे वळणात फेऱ्या सहज टर्बोच्या कक्षेखाली जात. आणि सहा सिलिंडरचं ते सगळं इंजिन मागच्या आसाच्याही मागे लटकलेलं.

आता वळण घेऊ. चालक ब्रेक लावतो, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचललेला असतो, धूर आटतो, टर्बाइन मंदावतं. वळणाच्या मध्यावर तो हळूच पाय दाबतो. उत्तर येत नाही. तो आणखी दाबतो, कारण अर्ध्या पायाला काही मिळालं नाही तर माणूस दुसरं काय करणार? आत टर्बाइनची चक्रवाढ सुरू झालेली असते. सेकंदभराने, टायरकडे जेमतेम ३१ टक्के शिल्लक असताना, सगळा टॉर्क एकदम चाकांवर येतो. मागची चाकं घसरू लागतात. चालक दचकून पाय उचलतो, आणि घात तिथेच होतो. पाय उचलताच गाडीचं वजन पुढे झुकतं, मागचे टायर हलके पडतात, इंजिन उलट ओढू लागतं, आणि मागे लटकलेलं ते ओझं लंबकासारखं बाहेर झेपावतं. गाडी स्वतःभोवती फिरून रस्त्याबाहेर जाते. चालकाने वेगाची हाव धरलीच असेल असं नाही. त्याने एका सेकंदापूर्वी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याला नको त्या वेळी मिळालं, एवढंच.

ज्यांना ही गाडी साधली ते वेगळ्या काळात जगायला शिकले. टॉर्क हवा असेल त्याच्या आधी, वळण पुरतं उघडायच्या आत, पाय दाबून ठेवायचा आणि तो येईल तेव्हा हात सरळ झालेले असतील असा हिशेब बांधायचा. शर्यतीतले काही चालक डाव्या पायाने ब्रेक धरून उजव्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबलेलाच ठेवत, म्हणजे टर्बाइन झोपत नसे. या कौशल्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण इंजिनिअर म्हणून मला ते आमच्या अपुऱ्या कामाची भरपाईही वाटतं. इंजिनाने घेतलेला उशीर माणसाने आपल्या अंदाजाने भरून काढला.

पोर्शेही हात बांधून बसली नव्हती. १९७८ च्या गाडीत इंजिन ३.३ लिटरचं झालं, हवा थंड करणारा इंटरकूलर आला, ९१७ वरून घेतलेले ब्रेक आले. पाचवा गिअर मात्र १९८९ पर्यंत मिळाला नाही. १९७८ च्याच आगेमागे स्वीडनच्या साबने अगदी निराळा रस्ता धरला होता. १९७७ मध्ये दाखवलेल्या साब ९९ टर्बोची शक्ती १४५ अश्वशक्तीच होती, पण टर्बो लहान होता, वेस्टगेट लवकर उघडे, आणि २३५ न्यूटन-मीटर ३००० फेऱ्यांनाच हाती येत. रोजच्या रस्त्यावर पाय जिथे असतो तिथेच टॉर्क ठेवायचा, हा विचार.

लहान टर्बोने एवढा फरक का पडावा? चाकाला गती देताना त्याच्या वजनाबरोबर ते वजन मध्यापासून किती लांब आहे त्याच्या वर्गाचाही हिशेब येतो, आणि वजन स्वतः व्यासाच्या घनाने वाढतं. म्हणजे सारख्याच आकाराचं, पण दुप्पट व्यासाचं टर्बाइन गती घ्यायला बत्तीस पट जड. म्हणून १९९५ च्या ९११ टर्बोत एका मोठ्याऐवजी दोन लहान टर्बो आले आणि जोर चारही चाकांत वाटला गेला. २००६ मध्ये टर्बाइनभोवतीची पाती हलवून धुराची वाट गरजेप्रमाणे अरुंद-रुंद करण्याची युक्ती त्याच गाडीत आली. डिझेलमध्ये ती आधीपासून होती. पेट्रोलचा धूर हजार अंशांच्या घरात तापतो, त्या उष्णतेत तगणारी पाती बनवणं हे खरं काम होतं. त्या गाडीत ६२० न्यूटन-मीटर १९५० फेऱ्यांपासूनच मिळू लागले. ९३० ला जिथे जागही येत नसे, तिथे या गाडीचा टॉर्क पूर्ण चढलेला असे.

टर्बोशिवायची वाट धरणाऱ्यांविषयी थोडं बोललं पाहिजे. १९९९ च्या होंडा एस २००० मध्ये दोन लिटरचं इंजिन ९००० फेऱ्यांपर्यंत जाई. टॉर्क जेमतेम २०८ न्यूटन-मीटर, तोही ७५०० ला. सहा हजारांच्या आसपास झडपांचे कॅम बदलत आणि इंजिन दुसरंच व्हायचं. इथे उशीर नाही. पाय हलला की उत्तर त्याच क्षणी. पण फेऱ्या सहा हजारांखाली ठेवल्या तर ते उत्तर फार लहान. ही गाडी पायापेक्षा डोक्याला राबवते, कारण पुढच्या वळणाला कोणता गिअर लागेल ते आधीच ठरवावं लागतं. होंडाने २००४ मध्ये अमेरिकेसाठी तेच इंजिन २.२ लिटरचं केलं, फेऱ्यांची मर्यादा खाली आणली आणि मधला टॉर्क वाढवला. मला आधीची गाडी जास्त प्रामाणिक वाटते, पण रोज शहरातून चालवणाऱ्याशी मी वाद घालणार नाही.

आता अलीकडे येऊ, कारण गेल्या दहा-पंधरा वर्षांत प्रश्न उलटा झाला. उत्सर्जनाच्या नियमांमुळे मोठी, टर्बोशिवायची इंजिनं मागे पडली. बीएमडब्ल्यूच्या एम ३ चं उदाहरण घ्या. आधीच्या पिढीत चार लिटरचे आठ सिलिंडर, ३९०० फेऱ्यांना ४०० न्यूटन-मीटर, आणि शक्ती गोळा करायला ८३०० पर्यंत जावं लागे. २०१४ च्या गाडीत दोन टर्बो आणि सहा सिलिंडर. टॉर्क ५५०, १८५० पासून ५५०० पर्यंत सपाट, पठारासारखा. आलेखावर हे फार देखणं दिसतं. ते पठार निसर्गाने दिलेलं नसतं. इंजिनाला जमणारा उंच डोंगर संगणक वेस्टगेटकडून कापून सपाट करून घेतो. पण वळणातून बाहेर पडताना अशा गाडीच्या मागच्या चाकांना खालच्या गिअरमध्ये एवढा टॉर्क एकदम झेपत नाही, आणि फेऱ्या वाढल्या तरी ढकलण्याचा जोर वाढत नाही. इंजिनाला आणखी फिरवावं, असं चालकाला वाटायला काही कारणच उरत नाही.

फेरारीला याची काळजी पडली होती. ४५८ इटालिया या गाडीत टर्बो नव्हता. ५४० न्यूटन-मीटर ६००० फेऱ्यांना, ५७० अश्वशक्ती ९००० ला, आणि सगळी चढण सुतासारखी सरळ. २०१५ मध्ये तिच्या जागी आलेल्या ४८८ जीटीबीत दोन टर्बो आले आणि टॉर्क ७६० झाला, तोही ३००० ला. पण हे ७६० फक्त सातव्या गिअरमध्ये मिळतात. खालच्या प्रत्येक गिअरमध्ये संगणक टॉर्कची वेगळी कमान लावतो: कमी फेऱ्यांना मुद्दाम कमी द्यायचं, फेऱ्या वाढतील तसं वाढवत न्यायचं, म्हणजे पायाला जुन्या इंजिनासारखीच चढण लागते. इंजिनाला जे जमतं त्यातलं कितीतरी त्यांनी राखून ठेवलं. या गाडीविषयी लिहिताना लोक ६७० अश्वशक्ती सांगतात. मला न दिलेला टॉर्क जास्त महत्त्वाचा वाटतो. कोणत्या गिअरमध्ये किती रोखायचं हे ठरवायला कोणीतरी ती गाडी वळणांतून शेकडो वेळा नेली असणार, आणि काटा हलत असतानाचे आकडे लिहिले असणार.

विजेच्या गाडीत उशीर संपलाच आहे. मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण टॉर्क देते, आणि तो किती चढणीने द्यायचा हे मिलिसेकंदांत ठरवता येतं. तरी २०२३ मध्ये ह्युंदाईने आयोनिक ५ एन या गाडीत नसलेले आठ गिअर उभे केले. चालक हवं तर ते निवडतो. गिअर बदलताना टॉर्क क्षणभर तुटतो, धक्का जाणवतो, आणि काल्पनिक फेऱ्या टोकाला गेल्यावर गिअर बदलला नाही तर गाडी खेचायची थांबते. काही जण याला खोटेपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. वळणात आपण कुठे आहोत हे चालकाला आजवर डोळ्यांइतकंच इंजिनाच्या चढणीवरून कळत आलं आहे, आणि ते कळणं त्याला परत हवं आहे.

गेल्या वर्षी एका चाचणी केंद्रात नवा डायनामोमीटर पाहिला. पाण्याचा ब्रेक नाही. त्याच्या जागी विजेचं यंत्र, काही मिलिसेकंदांत भार बदलणारं. तिथल्या तरुण इंजिनिअर मुलीने मला पडद्यावर एक आलेख दाखवला. अ‍ॅक्सिलरेटर वीस टक्क्यांवरून साठवर नेला होता आणि टॉर्कची रेघ आधी रेंगाळून, मग वळून वर जात होती. मी सवयीने खाली फेऱ्यांचे आकडे शोधू लागलो. आडव्या अक्षावर फेऱ्या नव्हत्याच. तिथे सेकंद होते, शून्यापासून दोनपर्यंत, आणि त्यातला पहिला सेकंद तिने मोठा करून घेतला होता.